आखूड बंदुकीची दारू

२६ ऑगस्ट

हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ काढायची सरकारी गाडी चालवण्यात माझं उभं आयुष्य गेलं. रोज घरी जाण्याआधी वहीत लिहावं लागायचं: कुठला रस्ता केला, काय मोडलं, का मोडलं. नोकरी संपली तरी संध्याकाळ झाली की हात शिवशिवतात. म्हणून ही वही. खाजगी आहे. मार्लिस, वाचत असशील तर इथंच मीट आणि जागेवर ठेव.

विषय एकच. मार्लिसची बंदूक.

मागच्या वर्षी तिच्या वाढदिवसाला मी तिच्या रायफलची नळी कापून आखूड करून आणली. तिला न विचारता, कारण विचारलं तर वाढदिवसाची गंमत काय राहिली? इथं मोंटानात आमच्या सीडर घळीत झाडी इतकी दाट की लांब नळी दर चार पावलांना फांद्यांत अडकते. शिवाय तिचा खांदा आता कुरकुरतो. बंदूक हलकी झाली, सुटसुटीत झाली. मार्लिसनं हातात घेऊन पाहिली, म्हणाली, "छान आहे," आणि भांडी घासायला गेली. भांडी सकाळीच घासून झाली होती, पण असो.

मग शिकारीचा हंगाम आला. तिनं एल्कच्या, म्हणजे इथल्या थोराड सांबराच्या, मादीवर गोळी झाडली, तीही जवळून. जनावर पडलं नाही. एक पाय ओढत झाडीत घुसलं. सबंध दिवस आम्ही रक्ताच्या थेंबांमागे फिरलो आणि शेवटी ओढ्याकाठी ते सापडलं तेव्हा मी ते संपवलं. घरी आलो, मार्लिस दारात बसली. मग बूट काढता काढता म्हणाली, "ऑरिन, चाप ओढताना माझे डोळे मिटले. पुढच्या वर्षी पुन्हा तसं झालं तर मी बंदूक ठेवून देणार. कायमची. जनावराचे असे हाल करायचा मला काय हक्क?"

डोळे काय, सगळ्यांचेच मिटतात. खरं कारण मला ठाऊक आहे. नळी कापली की गोळीचा वेग उतरतो. वेग उतरला की घाव उतरतो. इतकं सोपं आहे. तेव्हा कापलेल्या नळीतून जुना वेग परत मिळवायचा, म्हणजे मार्लिसही परत येईल.

लग्न झाल्यापासून एकही हंगाम मी तिच्याशिवाय डोंगरात गेलेलो नाही. एकटा गेलो तर कॉफी कोण आणणार आणि मी भलत्याच ओढ्याला लागलो की हटकणार कोण? चेष्टा सोडून लिहितो, मला भीती वाटते.

२ सप्टेंबर

काडतुसं मी घरीच भरतो, मागच्या शेडमध्ये. उडवून झालेल्या पितळी पुंगळ्या गोळा करायच्या, धुवायच्या, बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, तराजूवर तोलून दारू घालायची आणि वर गोळी दाबून बसवायची. विकतचं काडतूस म्हणजे विकतचा पाव. पोट भरतं, पण घरच्याची सर नाही.

सगळी मेख दारूत असते. माझ्याकडे दोन डबे आहेत. लाल डब्यातली भसकन जळून मोकळी होते. निळ्या डब्यातली सावकाश जळते. आता शेंबडं पोरही सांगेल, नळी आखूड असेल तर गोळी लवकर बाहेर पडणार, मग सावकाश जळणाऱ्या दारूला वेळच कुठे मिळणार? अर्धी दारू न जळता बाहेर सांडणार. म्हणजे आखूड नळीला लाल डबा. माझ्या बापाचं हेच मत होतं, आणि नोराच्या हॉटेलात कॉफीला बसणाऱ्या झाडून सगळ्यांचं हेच मत आहे.

एक क्लीट सोडून. क्लीट म्हणजे आमचा शेजारी. कुंपणाला कुंपण लागलेलं, आणि माझ्या वाक्याला त्याचं वाक्य. मी म्हटलं लाल, की तो म्हणाला, "निळा."

"का रे निळा?"

"कारण तू लाल म्हणालास."

"हे काय कारण झालं?"

"आजवर कधी चुकलेलं नाही," क्लीट म्हणाला, आणि बाकीची मंडळी खिंकाळली.

शेवटी पैज लागली. दोन्ही दारूंची काडतुसं भरायची, खडीच्या खाणीत जाऊन वेग मोजायचा. हरेल त्यानं हंगाम सुरू होईपर्यंत रोज सगळ्यांना कॉफी पाजायची. एरवी कॉफीचे पैसे कुणी द्यायचे ते आम्ही फासे टाकून ठरवतो, पण आता क्लीटनं स्वतःहूनच खिसा उघडलाय त्याला मी काय करू?

११ सप्टेंबर

लिहायला हात उचलत नाही.

खाणीत गेलो. वेग मोजायचं यंत्र तिकाटण्यावर मांडलं. आधी लाल. बरा आकडा आला. मी क्लीटकडे बघून टोपी उचलली. मग निळा. पहिल्याच गोळीला यंत्रानं असा आकडा दाखवला की मी जाऊन त्याची बॅटरी तपासली. पुन्हा निळा, पुन्हा तोच प्रकार. लालपेक्षा चांगलाच वर. आखूड नळीतून!

क्लीटचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. जिंकल्याचा आनंद नाही, नुसता धक्का. "अरे," तो हळूच म्हणाला, "मी तर आपला तुझी जिरवायची म्हणून बोललो होतो."

घरी येऊन जाडजूड पुस्तक काढलं, ज्यात प्रत्येक दारूची मापं दिलेली असतात. ते विकत घेतल्यापासून मी फक्त कोष्टकं बघत आलो. आज पहिल्यांदा पुढचा मजकूर वाचला. दारूचा मोठा भाग गोळी जेमतेम हलते तेव्हाच जळून जातो म्हणे, नळी लांब असो की आखूड. सावकाश जळणारी दारू जास्त भरता येते, कारण ती एकदम भडकत नाही, गोळीला मागून रेटत राहते. न जळलेली दारू बाहेर सांडते ही निव्वळ हॉटेलातली गप. म्हणजे माझा बाप चुकला, मी चुकलो आणि सगळं गाव चुकलं. बरोबर कोण, तर क्लीट, आणि तेही खोडी काढायच्या नादात.

मार्लिसला सांगितलं. ती मोजे विणत होती. म्हणाली, "म्हणजे लाल डबा आता तुला नको?"

"त्याला आता विचारतो कोण!"

"बरं," ती म्हणाली, आणि टाके मोजू लागली.

१२ सप्टेंबर

कॉफी पाजली. क्लीटनं दोन कप घेतले, वर ॲपल पायही मागवला.

१९ सप्टेंबर

आनंदीआनंद! निळ्या डब्याची काडतुसं नीट बसली. पुस्तकातल्या मर्यादेच्या आत राहून जितका वेग मिळतो तितका मिळवला. नळी कापण्याआधी होता त्याच्या पार जवळ आलो.

आज मार्लिसला खाणीत नेलं. तिनं कानांवर जाड टोप्या चढवल्या, बाकावर कोपर टेकलं आणि गोळी झाडली. नळीच्या तोंडातून बादलीएवढा जाळ निघाला. समोरचं गवत आडवं झालं, तिच्या कपाळावरचे केस उडाले. गोळी मात्र कागदाला लागलीच नाही. एवढा वेग असताना नेम चुकावा म्हणजे नवल आहे, बंदुकीची दुर्बीण हलली असावी.

"आवाज केवढा झाला, ऑरिन!" ती म्हणाली.

"मला तर नेहमीसारखाच वाटला."

"तुला घरावर झाड पडलं तरी नेहमीसारखंच वाटेल. कानातलं यंत्र कुठाय?"

"खिशात आहे. कानात घातलं की शिट्टी वाजवतं."

तिनं कानांवरच्या टोप्या काढल्या. मग म्हणाली, "घळीत आपण किती लांबून गोळी घालतो रे?"

"लांबून कसली? धोंडा भिरकावला तर लागेल इतक्या जवळून. झाडीच तशी आहे."

"मग त्या गोळीला इतकी घाई कशाची?"

आता हा काय प्रश्न झाला? रात्रीच्या जेवणाला बसल्यापासून बशा उचलेपर्यंत मी तिला वेग, वजन आणि घाव यांचा संबंध समजावून सांगितला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बटाटे गार झाले." पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

पण उरलेली काडतुसं झाडायला ती तयार झाली नाही. बंदूक माझ्या हातात देऊन गाडीत जाऊन बसली. ते काही मला बरं वाटलं नाही.

२६ सप्टेंबर

विचित्र प्रकार. लाल डबा हलका लागतोय. मी तर त्याला पैजेनंतर शिवलेलो नाही. तोलून पाहिलं, खरंच कमी आहे. मार्लिसला विचारलं.

"उंदीर असतील."

"उंदीर बंदुकीची दारू खातात?"

"मोंटानाचे उंदीर आहेत, ऑरिन. काहीही खातात."

शेडची किल्ली आणखी एकाच माणसाकडे आहे. माझी झाडं कापायची करवत न्यायला येतो तो. नाव लिहीत नाही.

२९ सप्टेंबर

मार्लिसचा मूड अलीकडे फार छान असतो. दर मंगळवारी ती बहिणीकडे, नेटाकडे, गोधडी शिवायला जाते. आता शुक्रवारीही जायला लागली आहे. काल आली ती गुणगुणतच. गाडीच्या चाकांना पांढरी खडीची धूळ होती, म्हणजे नेटाच्या रस्त्याचं काम काढलेलं दिसतंय. बरोबर घेऊन गेलेली गोधडीची पिशवी तिनं स्वयंपाकघरात आदळली तेव्हा खणखण वाजली. एवढे दाभण कशाला लागतात कोण जाणे.

मी मनाशी म्हटलं, निळ्या डब्यानं वेग परत आणला याचा तिलाही आतून आनंद झालेला दिसतो. ती बोलून दाखवत नाही इतकंच.

३ ऑक्टोबर

चोराला पकडायचंच असं ठरवून शेडच्या जमिनीवर मैदा भुरभुरवला. सकाळी जाऊन पाहतो तर बुटांचे स्पष्ट ठसे! क्लीटच्याच मापाचे! तसाच तरातरा कुंपणापर्यंत गेलो, तिथं ध्यानात आलं की रात्री विजेरी विसरली म्हणून मीच आत गेलो होतो.

मैदा संपल्याबद्दल मार्लिसनं विचारलं. मी म्हटलं, उंदीर.

५ ऑक्टोबर

आज नोराच्या हॉटेलात सरळ विषय काढला. मनात ठेवून कुढणारा माणूस मी नव्हे.

"क्लीट, दारू हवी होती तर मागायची. मी नाही म्हटलं असतं का?"

"कसली दारू?"

"लाल डब्यातली. दिवसेंदिवस कमी होते आहे. किल्ली तुझ्याकडे आहे."

क्लीटनं कप खाली ठेवला. आधी त्याचा चेहरा लाल झाला. मग त्याला काहीतरी आठवलं असावं, कारण तो हसायलाच लागला. असा हसला की डोळ्यांतून पाणी. "मंगळवारी मी खाणीजवळून जात होतो," तो म्हणाला.

"मग?"

"मग काही नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. अरे, घरात विचार, घरात!"

"घरात विचारलं. उंदीर आहेत म्हणाली."

यावर तो टेबलावर डोकं टेकून हसला. बाकीचेही हसले, कशाला ते त्यांना तरी ठाऊक असेल की नाही देव जाणे. चोरी करून वर दात काढायचे म्हणजे कमाल आहे. उद्यापासून करवत बंद.

६ ऑक्टोबर

मार्लिसनं मला क्लीटची माफी मागायला लावली. "त्यानं घेतलेली नाही," म्हणाली.

"तुला काय माहीत?"

"मला माहीत आहे. चल, हा ॲपल पाय घेऊन जा. आणि तोंड असं लिंबू चावल्यासारखं करू नकोस."

गेलो. क्लीटनं ॲपल पाय घेतला, माफीही घेतली. दारात माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "नशीबवान आहेस लेका, तुझ्या ध्यानात येत नाही एवढंच." कॉफी अजून माझ्याच माथी आहे आणि हा मला नशीबवान म्हणतोय.

१५ ऑक्टोबर

डोंगरमाथ्यावर बर्फ पडला. रात्रीच्या जेवणाला मार्लिसनं आपण होऊन काडतुसांचा विषय काढला! मला इतका आनंद झाला की दोनदा भात घेतला.

"पुस्तकात प्रत्येक दारूला दोन मापं असतात ना, एक हलकं आणि एक भारी?"

"हो. हलक्याच्या खाली जायचं नाही, भारीच्या वर जायचं नाही."

"आणि हलक्यानं जनावर पडतं?"

"जवळून असेल आणि नेम धरून घातली तर पडतं की. पण हलकं माप कोण भरतं? शिकाऊ माणसं. आपण का शिकाऊ आहोत?"

"नाही, आपण कसले," ती म्हणाली. "आणि टोपी बसवताना बोटाला किंचित खाली लागली पाहिजे, वर आलेली नको, बरोबर?"

"अगदी बरोबर! तुला कुणी सांगितलं?"

"तूच बडबडत असतोस रोज."

बघा. मी उगाच म्हणतो ती ऐकत नाही. ती ऐकते.

२१ ऑक्टोबर

मनातलं लिहितो. आज पुन्हा तिला म्हटलं, चल खाणीत, हंगामाआधी निळ्या काडतुसांचा शेवटचा सराव करू. ती म्हणाली, "नको. माझा झालाय." कुठे झालाय? त्या एका गोळीनंतर तिनं माझ्यासमोर बंदूक हातात धरलेली नाही. मी विचारलं, "तू येणार आहेस ना?" ती म्हणाली, "येणार आहे. पण मागच्या वर्षीसारखं झालं तर हा शेवटचा. मी म्हटलं होतं ते विसरले नाही, ऑरिन."

मग मी शेडमध्ये जाऊन नुसताच बसलो. नळी मी कापली नसती तर बरं झालं असतं का? वेग तर परत आणला. आणखी काय करायचं राहिलं? मला खरंच कळत नाही. बर्फाच्या गाडीवर असताना काय मोडलं ते मला आवाजावरून कळायचं.

२६ ऑक्टोबर

उद्या हंगाम सुरू. सगळी तयारी झाली. भडक नारिंगी जाकिटं, सुऱ्या, दोर, मांस वाहायच्या पाठपिशव्या. परवाना मार्लिसच्या खिशात. निळ्या काडतुसांची डबी मी स्वतः तिच्या हातात दिली. तिनं ती खिशात घातली आणि माझ्या गालाचा मुका घेतला. काडतुसं दिल्यावर मुका घ्यायची ही पहिलीच वेळ.

कॉफीची पैज आज संपली. क्लीट म्हणाला, "जनावर पडलं की हाक मार, वाहायला येतो." स्वभावानं वाईट नाही तो.

२७ ऑक्टोबर

अंगाला रक्ताचा नि धुराचा वास येतोय, आंघोळ व्हायचीय, पण आधी लिहितो.

फटफटायच्या आत घळीच्या तोंडाशी पोचलो. मार्लिस म्हणाली, "मी खाली पाणवठ्याजवळ बसते. तू वर कड्यावर जा."

"एकत्र बसू की. तुला दिसलं तर मी सांगेन केव्हा..."

"ऑरिन. वर जा."

गेलो. पाय बर्फात, जीव खाली घळीत. बसलो. निळ्या काडतुसाचा आवाज मला माहीत आहे, बहिऱ्यालाही ऐकू यावा असा, सगळा डोंगर दणाणला असता. तो काही आला नाही. उजाडलं, ऊन आलं, तरी नाही. मधे एकदा लांब कुठंतरी फळी आपटल्यासारखं वाटलं, मी म्हटलं पलीकडच्या खोऱ्यातलं कुणीतरी असेल. मग मनात नको ते यायला लागलं. जनावर समोर आलं असेल आणि तिनं चाप ओढलाच नसेल. बंदूक मांडीवर ठेवून नुसती बसली असेल. पुढच्या वर्षी मी एकटाच या कड्यावर.

तेवढ्यात खाली नारिंगी टोपी हललेली दिसली. हलतेय, हलतेय. मी असा उतरलो की दोनदा बुडावर आपटलो.

एल्कची मादी सूचिपर्णांच्या मधल्या मोकळ्या जागेत आडवी पडली होती. चांगली थोराड. मार्लिस तिच्याशेजारी ओंडक्यावर बसली होती, बाह्या वर सारून. "सुरी तुझ्याकडे आहे ना?" म्हणाली. "माझी गाडीत राहिली."

"कुणी मारली?"

"क्लीटनं," ती म्हणाली. "कोणी मारली म्हणजे काय?"

"पण आवाज नाही आला!"

तिनं खिशातून माझी निळ्या काडतुसांची डबी काढली. झाकण न उघडलेली, जशी दिली होती तशी. मग दुसऱ्या खिशातून एक रिकामी पुंगळी काढून माझ्या तळहातावर ठेवली. वास घेतला. लाल डबा.

खोटं कशाला लिहू, आधी रागच आला. "म्हणजे उंदीर तू!"

"मी."

"माझ्या डब्यातून, माझ्या तराजूवर?"

"तुला लाल डबा नको होता. मी विचारलं होतं तुला." ती शांतपणे म्हणाली. "पुस्तकात लालचं हलकं माप दिलंय, अगदी तेवढंच घातलं, एक दाणा कमी नाही की जास्त नाही. नेटा मला खाणीत सोडायची आणि गाडीत बसून विणायची. आधी एक काडतूस, मग दोन. जाळ नाही, धक्का नाही, आवाज पेलण्यासारखा. तू ती नळी कापल्यापासून प्रत्येक गोळीला तोंडावर दार आपटल्यासारखं व्हायचं रे. मी सांगत होते. तू वेगाचं सांगत होतास."

मी बर्फात बसलो. त्या ओंडक्यावर जागा होती, पण बर्फातच बसलो. दोन महिने मी कोणती दारू जास्त वेग देते ते शोधत होतो, आणि ते मी शोधलंही, बरोबर शोधलं. तिला वेग नकोच होता. माझ्यासकट सगळ्या गावाची लाल डब्याबद्दलची समजूत चुकीची निघाली, आणि तरीही तिला हवा होता तो लाल डबाच. मला एकदम हसू आलं. तीही हसायला लागली. मेलेल्या जनावराजवळ बसून आम्ही दोघं म्हातारी माणसं वेड्यासारखी हसत होतो.

"माफ कर," मी म्हटलं. "नळीबद्दल. विचारायला हवं होतं."

"हवं होतं," ती म्हणाली.

मग मी विचारलं, "पाहिलंस?" हे मी दरवेळी विचारतो. तिनं गोळी झाडली की माझं पहिलं वाक्य हेच असतं, आज उशीर झाला इतकंच. लागली कुठं, जनावर वळलं कसं, हे त्यावरून कळतं. आणि तिचं उत्तर दरवेळी एकच: हो.

"हो," ती म्हणाली. मग हातमोज्याशी चाळा करत राहिली. "ऑरिन, आजवर कधीच नव्हतं पाहिलं."

"म्हणजे?"

"एकदाही नाही. लांब नळी होती तेव्हासुद्धा. चाप ओढला की डोळे मिटायचेच. उघडायचे तेव्हा जनावर पडलेलं असायचं. तू विचारायचास, पाहिलंस का, मी हो म्हणायचे. तुला इतका आनंद झालेला असायचा. इतकी वर्षं नशिबानं भागत गेलं आणि मागच्या वर्षी नाही भागलं."

मला बोलायला खूप होतं. नेहमीच असतं. या वेळी मी फक्त म्हटलं, "मग आज काय पाहिलंस ते सांग."

ती सांगायला लागली. मादी पाणी पिऊन वर आली. तोंडाला अजून थेंब लोंबत होते. नाकातून वाफ निघत होती. कान आधी एक इकडे फिरला, मग दुसरा. खांद्यामागे गोळी लागली तिथले केस उलटे फिरल्यासारखे हलले, एवढंच. मग तिनं काहीतरी विसरल्यासारखी दोन पावलं टाकली, पुढचे गुडघे आधी टेकले आणि मग सगळी सावकाश कुशीवर गेली. पाय एकदाही झाडला नाही. "तिला कळलंसुद्धा नाही," मार्लिस म्हणाली. सांगताना तिच्या डोळ्यांना धार लागली होती आणि ती हसतही होती. मी मधे एकदाही तोंड उघडलं नाही.

तिचं सांगून झालं. ऊन घळीत उतरलं होतं, सगळं काम पडलं होतं.

"पुन्हा सांग," मी म्हटलं.

आणि तिनं पाणवठ्यापासून पुन्हा सगळं सांगितलं.